चौऱ्याण्णव टक्के

त्या वर्षी खरबवाडीला पाऊस मिळायच्या आधी मार मिळाला. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता, दुपारचे चार वाजले होते, आणि माळावरून धुळीची भिंत उठली ती थेट गावात घुसली. वडूजच्या रस्त्यावरची दोन लिंबाची झाडं मुळासकट आडवी झाली. शाळेचे पत्रे खिळ्यांसह उपटून गावावरून उडत गेले. त्यातला एक भाऊसोच्या गोठ्यापुढं बांधलेल्या खिलार बैलाच्या मानेत बसला. बैलाला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. मग सुपारीएवढ्या गारा सुटल्या आणि गावातली एकूण एक कवलं फोडून गेल्या.

सगळं गाव घरात पळत होतं, तेव्हा एकटा केरू रणपिसे घराबाहेर पळत होता. डोक्यावर घमेलं पालथं धरून तो तलावाच्या बांधाकडं निघाला होता, कारण तिथं तारेच्या कुंपणात त्याचं पर्जन्यमापक होतं. मागून बायको आक्काताई ओरडत होती, "आवं, डोस्कं फुटंल! त्या नरसाळ्यासाठी मरताय का काय?" केरूनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

केरू लष्करातून नाईक म्हणून परत आलेला. गाव त्याला मेजर म्हणायचं आणि तोही बिनदिक्कत ओ द्यायचा. आल्यावर त्याला पाझर तलावाच्या राखणीचं काम मिळालं आणि त्या कामाच्या शेपटाला हे पाऊस मोजायचं काम लटकून आलं. तसं बघायला गेलं तर काम पोरखेळाचं. रुंद तोंडाचं नरसाळं, त्याखाली बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी रेघा मारलेल्या मापाच्या ग्लासात ओतायचं, रेघ बघायची, वहीत लिहायची. पण केरूनं त्याची पार परेड करून टाकली होती. रेडिओवर वेळ लावून, दाढी करून, टोपी घालून तो साडेआठला कुंपणात शिरायचा. तिथून चावडीवर. चावडीच्या भिंतीवर त्यानं काळा चौकोन रंगवून घेतला होता. त्यात खडूनं तीन आकडे असायचे: आजचा पाऊस, आतापर्यंतचा पाऊस आणि गावाची सरासरी. सरासरी पाचशे आठ मिलिमीटर. तो आकडा पांढऱ्या रंगानं कायमचा लिहिला होता.

बारा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. पोरीच्या लग्नात वऱ्हाड सकाळी सातला उंब्रजला निघालं, तर हा बाप साडेआठचं माप घेऊन मागून एसटीनं गेला आणि अक्षता पडताना पोचला. गावात लोक एकमेकांच्या तोंडावर विश्वास ठेवत नव्हते, पण चावडीच्या भिंतीवर ठेवायचे. पेरायचं की थांबायचं, याचा वाद भिंतीपुढंच मिटायचा.

त्या वळवात केरू कुंपणाशी पोचला तेव्हा तार तुटली होती आणि ग्लास ठेवायची लाकडी पेटी लांब जाऊन आपटली होती. नरसाळं जागेवर होतं. ग्लास मात्र मधोमध तुटला होता. खालचा अर्धा भाग धड होता, वरचा चुरा. गारांचा मारा पाठीवर घेत केरूनं तो अर्धा तुकडा शर्टात घातला आणि घरी आणला. त्याच्या कानामागून रक्त वाहत होतं आणि डोळे भरून आले होते. ते दुखण्यानं नव्हते, एवढं आक्काताईला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तो वडूजला गेला. कचेरीत साहेब नव्हते. कारकुनानं कपाटाकडं बोट केलं आणि म्हणाला, "दोन-तीन ग्लास हायती बघा आत. तुमच्या मापाचा कंचा ते बघून घ्या आन् सही करा." केरूनं कपाट उघडलं. आत एक जाडा ग्लास होता, त्याच्या तोंडाचा टवका उडाला होता. दुसरा सडपातळ, नवाकोरा, रेघा ठसठशीत. केरूनं सडपातळ उचलला. जुन्यापेक्षा बारीक आहे हे त्याला दिसलं होतं. पण बारीक ग्लासात रेघा लांब लांब असणार, सगळा विचार सरकारनं आधी करून ठेवलेला असणार, असं त्याच्या मनानं परस्पर ठरवून टाकलं. लष्करात सतरा वर्षं त्याला एवढं पक्कं शिकवलं होतं की स्टोअरमधून मिळालेल्या सामानावर सही करायची असते, शंका काढायची नसते. त्यानं सही केली आणि गळ्यातला पंचा ग्लासाला गुंडाळून तो तान्ह्या पोरासारखा मांडीवर घेऊन घरी आला.

जुन्याचा अर्धा तुकडा आक्काताईनं टाकू दिला नाही. पाट्यावर घासघासून तिनं त्याची कड बोथट केली आणि तेलाच्या बरणीशेजारी ठेवला. नऊ रेघा शिल्लक होत्या. कालवणाला अर्धी रेघ तेल, पाव्हणा आला तर एक रेघ. केरूला हे आवडलं नव्हतं. सरकारी मापानं गोडं तेल मोजणारी बाई साऱ्या फौजेत कुणी बघितली नसेल, असं तो म्हणायचा. पण जेवायचा त्याच तेलातलं.

मग तो पावसाळा आला, आणि त्याला पावसाळा म्हणायला जीभ वळत नाही. जून नुसता वाऱ्यात गेला. जुलैत भुरभूर झाली, पेरलेली बाजरी वीतभर उठली आणि ऑगस्टच्या उन्हानं उभीच्या उभी करपली. वाऱ्यानं माती अशी उडवली की दारातून मागच्या परड्यात जाताना माणसं खोकायची. विहिरींचे तळ दिसायला लागले. पण केरूच्या भिंतीवर आकडे चढत होते. आज चौदा, परवा वीस. लोक भिंतीपुढं उभे राहायचे आणि एकमेकांकडं बघायचे.

"मेजर, ह्यो पाऊस कुठं पडला रं?" भाऊसो विचारायचा. भाऊसो केरूच्या बरोबरीचा. दोघं लहानपणी एकाच ओढ्यात पोहायला शिकलेले. बैल गेल्यापासून त्याच्या बोलण्याला धार आली होती. "माझ्या रानात तर न्हाई पडला."

"नरसाळ्यात पडला तेवढा मोजला," केरू म्हणायचा. "जमीन तापलीया. पडल्याबरूबर पिऊन टाकती. त्याला पाऊस काय करणार?"

हे लोकांना पटायचं, कारण केरू म्हणत होता.

सप्टेंबरच्या मधोमध एकदा मात्र तो खरोखर पडला. पडला म्हणजे गावावर चालून आला. संध्याकाळी पाचला आभाळ काळंनिळं झालं, विजा माळावर पडायला लागल्या आणि दोन तासांत ओढ्यानं पात्र सोडलं. शेतांचे बांध, ताली फुटल्या. वर्षानुवर्षं जमवलेली माती लालभडक पाण्यातून निघून गेली. राहीबाईच्या, म्हणजे भाऊसोच्या बायकोच्या डोळ्यांदेखत गोठ्याची भिंत दोन शेळ्यांवर बसली. सकाळी केरूनं सात वेळा ग्लास भरला आणि भिंतीवर एकशे बत्तीस लिहिलं. त्या एका आकड्यावर कुणीच शंका घेतली नाही. मार खाल्लेल्या माणसाला काठी जाडच वाटते.

पाणी आलं तसं गेलं. तलावात गुडघाभर राहिलं, तेही ऑक्टोबरात आटलं. चाऱ्याचं नाव नव्हतं. कडेगावकडून उसाचं वाढं आणून जनावरं जगवायची तर तिकडच्यांनाच ते पुरत नव्हतं. आता एकच आशा होती. तालुक्यातून निरोप आला होता की ज्या गावाचा पाऊस सरासरीच्या निम्म्याच्या आत, ते गाव टंचाईच्या यादीत. त्याला पाण्याचा टँकर, त्याच्या जनावरांना चाऱ्याची छावणी. निम्म्याच्या वर असेल तर काही नाही. पाऊस धरायचा शेवटचा दिवस एकतीस ऑक्टोबर. आणि आकडा पाठवणार केरू रणपिसे.

एकतीस तारखेला सकाळी केरूनं भिंतीवर शेवटचा आकडा लिहिला. चारशे अठ्ठ्याहत्तर. शेजारी पाचशे आठ होतेच. त्याखाली त्यानं नेटक्या अक्षरात लिहिलं: सरासरीच्या चौऱ्याण्णव टक्के.

चावडीपुढं चाळीस-पन्नास माणसं जमली होती. मग भाऊसो पुढं आला. त्याचा आवाज गोड होता, आणि गोड आवाज काढताना त्याला त्रास होतोय हे दिसत होतं.

"केरू, गड्या, ती वही आजून तुझ्याच हातात हाय. निम्मं लिव."

"काय?"

"परत्येक आकडा निम्मा कर. चौदा आसंल तितं सात. कोण बघायला येतंय? गाव जगंल."

"पडला तेवढा लिवलाय, भाऊसो. खोटा रिपोर्ट मी शत्रूपुढं बी दिला न्हाई."

"आमी शत्रू हाय व्हय रं? माझ्या दावणीला सात जनावरं हायती. बघून ये त्यास्नी, फासळ्या मोजून ये. तुला मोजायची लय हौस हाय न्हवं?"

"मला दिसतंय. मला बी प्यायला पानी न्हाई. पर आकडा म्हंजे आकडा."

भाऊसोनं वहीला हात घातला. केरूनं ती छातीशी धरली. भाऊसोनं त्याची गचांडी धरली आणि दोघं भिंतीवर आपटले. मग गर्दीच केरूवर तुटून पडली. भाऊसोचा पुतण्या गुंडा, पंचविशीतला दांडगा गडी, त्यानं केरूचा वही धरलेला हात मागं पिरगाळला. हाड मोडल्याचा आवाज मागच्या रांगेतल्यांनी ऐकला. कुणी पाठीत लाथा घातल्या, कुणी चपलेनं तोंडावर मारलं. ज्या माणसाला गावानं बारा वर्षं वाट करून दिली, त्याला पाच मिनिटांत धुळीत लोळवलं. आणि मागून कुणीतरी त्याच्या जातीवर गेलं. "ह्यास्नी गावाचं काय पडलंय," म्हणून सुरुवात करून पुढं जे बोलायचं ते बोललं.

तोवर केरू नुसता वही सांभाळत होता. ते शब्द कानात गेले आणि त्याच्या डाव्या हाताला चावडीच्या दाराचा अडणा सापडला. हात-दीड हात लांबीचा, बाभळीचा. गुडघ्यावर उठून त्यानं तो सगळ्या ताकदीनिशी फिरवला. बोलणारा मागं होता. पुढं भाऊसो होता. अडण्याचं टोक त्याच्या उजव्या डोळ्यात बसलं.

भाऊसो खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड धरून "आई" म्हणाला. तेवढंच म्हणाला. बोटांमधून जे आलं ते बघून गर्दी जशी आली होती तशी पांगली.

डोळा वाचला नाही. भाऊसोला साताऱ्याला नेलं, आठ दिवस ठेवलं आणि शेवटी डोळा काढून टाकला. केरूचा उजवा हात प्लास्टरात गेला. दोन्हीकडून पोलिसात तक्रारी झाल्या आणि वडूजला एकावर एक पडून राहिल्या. वही केरूनं डाव्या हातानं पूर्ण केली आणि आकडा पाठवला. नोव्हेंबरात यादी लागली. पलीकडच्या दोन गावांना टँकर आला. खरबवाडी यादीत नव्हती.

केरूचं घर गावानं टाकलं. त्याच्या वस्तीतली माणसं बोलायची, पण तीही पाण्यासाठी दोन मैल चालून दमलेली असायची आणि बोलण्यात गोडवा फार कमी असायचा. केरूला वाईट वाटत होतं, आणि खोटं कशाला सांगा, आतून अभिमानही वाटत होता. भाऊसोचा डोळा आठवला की तो भाकरी बाजूला सारायचा. पण मग स्वतःला सांगायचा, मी खऱ्यासाठी उभा राहिलो. एवढ्या एका वाक्यावर तो रात्री झोपायचा.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस पहाटे अवकाळी पाऊस येऊन गेला. पाऊस असा नव्हेच, शिंतोडे. साडेआठ होत आले तसा केरू अंथरुणातून धडपडला. आदल्या दिवसापासून त्याला ताप होता.

"पडून ऱ्हावा," आक्काताई म्हणाली. "मी घेती माप. बारा वरसं बघतीया, मला काय कळत न्हाई व्हय?"

ती गेली आणि आली. "चार रेघा," म्हणाली.

केरूनं पहाटे पडल्या पडल्या कवलांवरचा पाऊस ऐकला होता. त्याच्या कानाला चार पटेना. यंदाच्या हिशेबानं एवढ्या आवाजाला सात-आठ तरी यायला हवेत. "नीट बघितलंस का?"

"बघितलं की. चारला एक केस कमी न्हाई, एक केस जास्त न्हाई."

"पानी कुठाय?"

आक्काताईला नवऱ्याची सवय माहीत होती. तिनं पाणी फेकलं नव्हतं, बाटलीत परत ओतून घरी आणलं होतं. केरूनं फळीवरून नवा ग्लास काढायला लावला आणि त्यात पाणी ओतायला लावलं. पाणी आठव्या रेघेवर जाऊन थांबलं.

"आठ हायती!" केरू गरजला. "आठ रेघा! चार म्हणून सांगतीयास? डोळं फुटलं का तुझं?" आणि डाव्या हातानं त्यानं तिच्या थोबाडीत दिली. ती चुलीपाशी जाऊन पडली.

आक्काताई उठली. रडली नाही. तेलाच्या बरणीशेजारचा अर्धा ग्लास तिनं उचलला. राखेनं घासून लखलखीत केलेला होता. "न्यायचा म्हणून ह्यो नेला मी," ती म्हणाली. "नवा फुटला आसता तर तुमी मला जित्ती सोडली नसती, म्हणून. आता बघा आपल्या डोळ्यांनी." आणि तिनं तेच पाणी नव्यातून जुन्यात ओतलं.

चार.

केरूनं ग्लास तिच्या हातातून घेतला. पाणी परत नव्यात ओतायला लावलं. आठ. परत जुन्यात. चार. असं किती वेळा केलं ते त्याला कळलं नाही, पण शेवटी सांडून सांडून पाणी कमी झालं तरी एकात दुसऱ्याच्या दुप्पटच दिसत होतं. मग त्यानं दोन्ही ग्लास पालथे करून बुडं बघितली. जुन्याच्या बुडाशी दोनशेचा आकडा होता. नव्याच्या बुडाशी शंभरचा. आणि कुंपणातल्या नरसाळ्याच्या कडेला दोनशे कोरलेलं होतं, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ, चौरस सेंटिमीटरमध्ये. ते तो बारा वर्षं रोज सकाळी बघत होता. मोठ्या नरसाळ्याला त्यानं लहान नरसाळ्याचं माप लावलं होतं. मे महिन्यापासून खरं माप त्याच्या स्वयंपाकघरात तेलाशेजारी उभं होतं.

"म्हंजे वो?" आक्काताईनं विचारलं. तिचा गाल सुजायला लागला होता.

"दोनशे एकोणचाळीस," केरू म्हणाला. "चारशे अठ्ठ्याहत्तर न्हवं. निम्मं. सत्तेचाळीस टक्के." आणि मग त्याला भाऊसोचं वाक्य आठवलं, वही धरून म्हटलेलं, गोड आवाजात. तो गुडघ्यात डोकं घालून बसला. आतून त्याला इतकी लाज वाटली की तापसुद्धा उतरल्यासारखा झाला.

हे कुणाला माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं आणि आक्काताईला. अर्धा ग्लास चुलीत घातला असता तर खऱ्यासाठी मार खाल्लेला मेजर म्हणून तो मरेपर्यंत ताठ चालला असता. हा विचार त्याच्या मनात आला, नाही असं नाही. आक्काताईनंही तो त्याच्या तोंडावर वाचला.

"सांगितलं तर मारतील तुमास्नी," ती म्हणाली. "आवं, आता खरंच मारतील."

"मारू देत. दावणी मोकळ्या व्हायच्या आत टँकर यायला पायजे." मग तिच्या गालाकडं न बघता म्हणाला, "तुला मारलं ते चुकलं माझं."

"चुकलं ते चुकलंच," आक्काताई म्हणाली आणि त्याची टोपी झटकून त्याच्या डोक्यावर ठेवली.

दहाच्या सुमाराला केरू चावडीपुढं उभा राहिला. पाण्याचा तांब्या, दोन ग्लास आणि वही आक्काताईच्या हातात होती. ऊन खात बसलेली माणसं उठून उभी राहिली. भाऊसो पायरीवर बसला होता, उजव्या डोळ्यावर पट्टी. महिन्याभरात तो दहा वर्षांनी म्हातारा झाला होता.

केरूनं सावधानमध्ये उभं राहून सगळं सांगितलं. कपाट, सडपातळ ग्लास, न बघता केलेली सही, अर्ध्या ग्लासातलं तेल. काही लपवलं नाही. "पाऊस निम्माच झालाय," तो म्हणाला. "माझं माप चुकलं. चूक माझी हाय, दुसऱ्या कुणाची न्हाई."

आधी कुणाला कळलंच नाही. मग कळलं, आणि गुंडा पायरीवरून सुटला. त्याची लाथ केरूच्या पोटात बसली आणि केरू आडवा झाला. दुसरी बरगडीत. "माझ्या चुलत्याचा डोळा!" गुंडा ओरडत होता. "डोळा काढलास तू! कशापायी काढलास?" आणखी तिघं-चौघं धावले. कुणीतरी दगड उचलला. आक्काताई मध्ये पडली, तर तिला ढकलून दिलं, तरी तिनं ग्लास फुटू दिले नाहीत.

"थांबा," भाऊसो म्हणाला.

आवाज मोठा नव्हता. पण डोळा त्याचा गेला होता, तेव्हा थांबायचं की नाही हे ठरवायचा मानही त्याचाच होता. सगळे थांबले.

"त्याला दोन डोळं आसून दिसलं न्हाई. मला एक हाय, मी बघतो. आण हिकडं, आक्काताई."

त्यानं दोन्ही ग्लास पायरीवर ठेवले. तांब्यातून जुन्यात पाणी ओतलं. एका डोळ्यानं अंदाज चुकत होता, धार बाहेर जात होती, पण त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. पाच रेघा. तेच पाणी नव्यात. दहा. परत एकदा केलं. तिसऱ्यांदा केलं. चावडीपुढं नुसता पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

मग भाऊसो उठला आणि केरूपुढं येऊन उभा राहिला. केरू कसाबसा उठून परत सावधान झाला होता.

"मी तुला खोटं लिव म्हणत होतो," भाऊसो म्हणाला. "मला काय ठाऊक, ते खरं व्हतं. तू खऱ्यासाठी हाडं मोडून घेतलीस, ते खोटं निघालं. आपण दोघं बी येडं, गड्या. डोळा तेवढा खरा गेला."

आणि त्यानं केरूच्या थोबाडीत मारली. पूर्ण हातानं. केरू हलला नाही. दुसरी मारली, केरूचा ओठ फुटला, रक्त हनुवटीवर आलं. तिसरीला भाऊसोचा हात वर गेला आणि तिथंच राहिला. मग तो पायरीवर बसला आणि हुंदके द्यायला लागला. पट्टीखालून पाणी येतं की नाही हे कुणाला समजेना. राहीबाईनं येऊन त्याचं डोकं पोटाशी धरलं.

"जा आता वडूजला," तो तिच्या पदरातूनच म्हणाला. "यष्टीची वाट नगं बघूस. गुंडा, फटफटी काढ."

गुंडानं दातओठ खाल्ले, पण फटफटी काढली. ज्याचा हात मोडला त्याला मागं बसवून, ज्याला आत्ता लाथा घातल्या त्याच्या मांडीवर दोन ग्लास देऊन, तो खडबडीत रस्त्यानं अगदी सावकाश गेला.

कचेरीतून माणसं आली, नरसाळं मोजलं, ग्लास मोजले, केरूचा जबाब घेतला. सुधारलेला आकडा वर गेला. जानेवारी संपता संपता पहिला टँकर गावात शिरला आणि बाया हंडे घेऊन धावल्या. भाऊसोच्या सात जनावरांतली तीन तोवर गेली होती. केरूकडून काम काढून घ्यायचं ठरलं आणि दुसरा माणूस सुचवा म्हणून गावाला कागद आला. ग्रामसभेत कुणी काही बोलण्याआधी भाऊसो उभा राहिला.

"मेजरच मोजंल," तो म्हणाला. "पर एकटा न्हाई. मी शेजारी हुबा ऱ्हाणार."

तेव्हापासून रोज सकाळी साडेआठला दोघं कुंपणात दिसायला लागले. केरूचा हात वाकडा जुळला होता, त्याला ग्लास सरळ धरता यायचा नाही. भाऊसोला रेघ नीट लागायची नाही. म्हणून भाऊसो धरायचा आणि केरू वाचायचा. त्यांच्यात बोलणं नव्हतं. राम राम सुद्धा नव्हता.

पहिल्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं, बाटली खडखडीत कोरडी. केरूनं वही उघडली, गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "शून्य."

भाऊसोनं बाटली पालथी केली. तळहातावर आपटली. तोंडाशी चांगला डोळा लावून आतपर्यंत बघितलं. मग ग्लासाचं बूड उन्हात धरून तिथला दोनशेचा आकडा बोटानं चाचपला.

"हं," तो म्हणाला. "लिव."